हुकूम आणि हौस : सुटीतील विज्ञानशाळांची कुळकथा

परमुलखात सरकारी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या पंचांगात मे महिन्याला एक स्वतंत्र स्थान असते. रजेचा अर्ज मंजूर करून घेणे, रेल्वेच्या तिकिटांचा योग जुळविणे, आणि मुलांना एकदाचे आजोळी पोचते करणे ही त्या महिन्याची ठरलेली व्रते होत. दिल्लीतील ज्या सरकारी वसाहतीत आम्ही राहतो, तेथेही हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. गेल्या काही वर्षांत मात्र त्यात एक नवी गोष्ट शिरली आहे. आठवी-नववीतील एखादा मुलगा किंवा मुलगी आंब्यांवर पाणी सोडून एखाद्या प्रयोगशाळेच्या वसतिगृहात विज्ञान शिकावयास जाते, आणि सारी वसाहत तिला निरोप द्यावयास खाली उतरते.

मागे एका उन्हाळ्यात आमच्या शेजारची मुलगी अशीच दोन आठवड्यांच्या शिबिरास गेली होती. परत आल्यावर आम्ही तिला मोठ्या औत्सुक्याने विचारले, ‘काय काय पाहिलेस?’ अग्निबाण, उपग्रह, दुर्बीण असे काहीतरी ऐकावयास मिळेल अशी आमची अपेक्षा. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘काका, तिथे मला येत नाही असं सांगायची लाज वाटत नव्हती.’

हे उत्तर आमच्या मनातून जाईना. कोणतेही प्रकरण नीट समजून घ्यावयाचे तर मागील कागद काढून पाहावेत, ही आमच्या पेशाची शिकवण. तेव्हा सुटीत मुलांना विज्ञान शिकविण्याची ही चाल कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने पाडली, याचा शोध आम्ही सवडीने घेऊ लागलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

या प्रकरणातील एक आद्य कागद, म्हटले तर, आकाशात लिहिला गेला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. सुमारे ८४ किलो वजनाचा तो गोळा पृथ्वीभोवती फिरू लागला आणि त्याच्या बारीक ‘बीप बीप’ आवाजाने अमेरिकेची झोप उडाली. आपली मुले गणितात आणि विज्ञानात मागे पडली, अशी हाकाटी तेथे झाली. वर्षाच्या आतच, २ सप्टेंबर १९५८ रोजी, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ‘राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्या’वर सही केली. संरक्षण आणि शिक्षण हे दोन शब्द एकाच कायद्याच्या नावात यावेत, यातच सारे आले. चार वर्षांत सुमारे एक अब्ज डॉलर खर्चण्याची तरतूद त्या कायद्यात होती. याच सुमारास तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेने माध्यमिक शाळेतील मुलांसाठी विद्यापीठांतून उन्हाळी वर्ग भरविण्यास पैसा देऊ केला.

म्हणजे मूळ हेतू भीतीचा होता. परंतु हेतू भीतीचा असला तरी वर्गात उभा राहणारा माणूस भ्यालेला असतोच असे नाही. आर्नल्ड रॉस हे त्याचे उत्तम उदाहरण. जन्म शिकागोचा, बालपण ओडेसाचे. पुढे ते नोत्र दाम विद्यापीठात गणिताचे प्रमुख झाले. त्यांनी उन्हाळी वर्ग सुरू केला तो १९५७ मध्ये, म्हणजे स्पुटनिकच्या आवाजाची वाट न पाहता. पुढे १९६४ पासून तो ओहायो राज्य विद्यापीठात भरू लागला. आठ आठवडे मुलांना एकच विषय द्यावयाचा : पूर्णांकांचे गुणधर्म. बेरीज-गुणाकाराचे जे नियम मूल पहिलीपासून वापरीत आले, ते खरे कशावरून, असे त्याला विचारावयाचे आणि उत्तर त्याचे त्यालाच शोधू द्यावयाचे. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, एवढाच रॉस यांचा आग्रह असे. त्यांच्या या वर्गाचा एक रिवाज लक्षात ठेवण्याजोगा आहे : आधीच्या वर्षी शिकून गेलेली मुले पुढील वर्षी धाकट्यांची सोबती म्हणून परत येत.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. ओहाय गावच्या थॅचर शाळेत १९५९ च्या उन्हाळ्यात एक वर्ग भरला. आरंभीच्या वर्षांत तेथे केवळ मुलगेच घेत. मुलींना दार पुढे उघडले. मुलांना काम दिले होते ते असे : आकाशातील एका लघुग्रहाची निरनिराळ्या रात्री छायाचित्रे घ्यावयाची, शेजारच्या ताऱ्यांच्या आधारे त्याचे स्थान मोजावयाचे, आणि त्या मोजमापांवरून त्याची सूर्याभोवतीची कक्षा गणिताने काढावयाची. त्या काळी संगणक मुलांच्या हाती नव्हते. दांडा आणि चक्रे असलेल्या हिशेबयंत्रांवर रात्र रात्र आकडेमोड चाले. एक आकडा चुकला की सारी कक्षा भलतीकडे जाई. हिशेब जुळण्याचा आनंद आणि न जुळल्याची हुरहूर ही आम्हा कारकुनांस चांगलीच परिचित असल्यामुळे, त्या मुलांविषयी आम्हांस एक प्रकारचा बंधुभाव वाटतो.

आता पलीकडच्या पक्षाचे कागद पाहू. ज्या रशियाच्या धसक्याने अमेरिका जागी झाली, त्या रशियालाही आपली मुले पुरेशी शोधली जात नाहीत ही चिंता होतीच. सायबीरियात नोवोसिबिर्स्कजवळ विज्ञाननगरी उभारणारे गणिती मिखाइल लाव्हरेन्त्येव यांच्यापुढे प्रश्न होता तो अंतराचा. अफाट बर्फाळ प्रदेशातील खाणीच्या गावी, रेल्वेच्या आडस्थानकावर एखादे बुद्धिमान मूल असेल तर त्याचा पत्ता लागावा कसा? त्यांनी काढलेला मार्ग टपालाचा होता. १९६२ च्या सायबेरियन ऑलिंपियाडचे पहिल्या फेरीचे प्रश्न वर्तमानपत्रांतून छापले गेले. मुलांनी घरी बसून ते सोडवावयाचे आणि उत्तरे टपालाने पाठवावयाची. पुढील फेऱ्यांत जी मुले निवडली गेली, ती त्या उन्हाळ्यात विज्ञाननगरीत आली. तेथे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांना शिकविले. त्या उन्हाळी शाळेतूनच जानेवारी १९६३ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्राची निवासी शाळा निघाली.

त्याच वर्षी मॉस्कोजवळ जगद्विख्यात गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनीही उन्हाळी शाळा भरविली, आणि २ डिसेंबर १९६३ रोजी त्यांची निवासी शाळा सुरू झाली. या गृहस्थांचे नाव आपल्याकडे अगदीच परके नव्हते. आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन गेले होते. त्यांनी आपल्या शाळेत मुले घेतली ती मॉस्कोबाहेरची. राजधानीतील मुलांना अन्य संधी पुष्कळ आहेत, ज्यांना त्या नाहीत त्यांच्यासाठी ही शाळा आहे, असा त्यामागील विचार. मुलांना ते गणित तर शिकवीतच, पण रानावनातून फिरावयास नेत, संगीत ऐकवीत, साहित्यावर बोलत. तेथील एका वर्गाला किती रणगाड्यांची किंमत पडते, असा हिशेब सरकारने कदाचित केला असेल. कोल्मोगोरोव्ह यांनी तो केला असेल असे वाटत नाही.

आता आपल्या घरी येऊ. ४ मार्च १९५८ रोजी भारत सरकारने विज्ञानधोरणाचा ठराव केला. त्याच साली आचार्य जगदीशचंद्र बसूंच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने कलकत्त्यात त्यांच्या नावाने विज्ञानप्रज्ञेचा शोध घेणारी योजना निघाली. या कामी बंगालने पुढाकार घेतला, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १९६१ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, जिला आज सारे ‘एन. सी. ई. आर. टी.’ म्हणून ओळखतात, ती स्थापन झाली. १९६३ मध्ये तिने राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. त्याच वर्षी शाळांतील विज्ञानशिक्षकांसाठीही अमेरिकन साहाय्याने उन्हाळी वर्ग निघाले.

या योजनेचा पहिला आकडा सांगण्याजोगा आहे. १९६३ मध्ये ती केवळ दिल्लीपुरती होती, आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांना मिळून शिष्यवृत्त्या होत्या दहा! एवढ्या मोठ्या देशात दहा. कोल्मोगोरोव्ह राजधानी सोडून बाहेर जात होते त्याच वर्षी आपण राजधानीपासून आरंभ करीत होतो. परंतु दोष देण्याची घाई करू नये. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, योजना साऱ्या राज्यांना लागू झाली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. निवडही केवळ पाठांतरावर नव्हती. विज्ञानाच्या कलाची परीक्षा, एका शास्त्रीय विषयावर निबंध, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल, आणि शेवटी मुलाखत अशा चार पायऱ्या होत्या. निवडलेल्या विद्यार्थ्याने मूलभूत विज्ञानच शिकावे अशी अट होती, आणि त्याला डॉक्टरेटपर्यंत हात दिला जाई. महाविद्यालयात गेल्यावर त्याला उन्हाळी शाळांना बोलाविले जाई. तालुक्याच्या कॉलेजातील मुलगा तेथे प्रथमच संशोधन करणाऱ्या प्राध्यापकासमोर बसे, आणि आपल्यासारखी आणखी मुले जगात आहेत हे त्याला प्रथमच कळे.

पुढे १९७६ मध्ये, १०+२+३ ची नवी रचना आली तेव्हा, योजना बदलली. सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी, वैद्यक यांनाही तिने आपल्यात घेतले. नावातील ‘विज्ञान’ हा शब्द गेला. शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. हे विस्तारणे न्याय्यच होते. पण त्याबरोबर निबंध आणि प्रकल्प गेले आणि उत्तरावर खूण करावयाच्या प्रश्नपत्रिका आल्या. उमेदवारांची संख्या वाढली की तपासणारे पुरत नाहीत, ही अडचण कचेरीत बसणाऱ्यास समजावून सांगावयास नको. तरीही जाता जाता एक गोष्ट हातची सुटली : मुलाने काय केले हे पाहण्याऐवजी त्याला काय आठवते हे आपण पाहू लागलो. अखेरीस ३१ मार्च २०२१ ला योजनेच्या मंजुरीची मुदत संपली आणि ती पुढील आदेश होईपर्यंत स्थगित ठेवण्यात आली. १९९९ मध्ये निघालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे शब्द आम्ही स्वतः किती टिपणांत लिहिले असतील याची गणती नाही. त्या शब्दांच्या पलीकडे कोणी दहावीतील मूल बसलेले असू शकते, याची जाणीव मात्र लिहिताना क्वचितच होते.

ती जाणीव आम्हांस तरी असावयास हवी होती. आमचे वडीलही केंद्र सरकारचेच नोकर. आम्ही दहावीत असताना अशाच एका सुटीतील शिबिराच्या निवडपरीक्षेचा अर्ज शाळेमार्फत भरला होता. वर्षाच्या मध्येच वडिलांची बदली दुसऱ्या राज्यात झाली. नव्या शाळेने सांगितले, अर्जाची मुदत संपली. जुन्या शाळेने कळविले, विद्यार्थी आता आमच्या पटावर नाही. दोघांचेही बोलणे नियमाला धरून होते. वडिलांनी दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर नियम दाखविणारा तो माणूस. त्यांना विरोधात लिहावयास एक ओळही सापडली नाही. ‘बरोबर आहे त्यांचं,’ एवढेच म्हणून त्यांनी पत्रे फाईलला लावली. त्या शिबिराने आम्ही शास्त्रज्ञ झालो असतो असा आमचा मुळीच दावा नाही. पण त्या दिवशी ‘बरोबर आहे’ आणि ‘चांगले आहे’ या दोहोंतील अंतर आम्हांस कळले, आणि ते आजतागायत कमी झालेले नाही.

असो. ज्या योजना हुकुमाने जन्मल्या त्या हुकुमाने गेल्या, इथवर ही कथा आली. मग टिकले काय? येथे जुने कागद आम्हांस एक वेगळीच गोष्ट सांगू लागले.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन सरकारने सायन्स फाउंडेशनच्या शालेय शिक्षणाच्या खात्यावरील पैसा जवळजवळ पुसून टाकला. स्पुटनिकची भीती ओसरली होती. तरी रॉस यांचा वर्ग बंद पडला नाही. वयाची नव्वदी उलटल्यावरही ते त्यात शिकवीत होते, आणि २००२ मध्ये ते वारल्यानंतरही तो चालूच राहिला, कारण धाकट्यांना शिकवावयास परत येणारे जुने विद्यार्थी होते. ओहायच्या लघुग्रहाच्या वर्गाचे तर याहून नवल. १९९९ च्या सुमारास थॅचर शाळेने तो आटोपता घेतला, तेव्हा त्याच वर्गातून पूर्वी शिकून गेलेल्या लोकांनी संस्था स्थापून तो आपल्या अंगावर घेतला आणि त्याच गावी दुसऱ्या शाळेच्या आवारात पुन्हा उभा केला. रशियात १९९१ मध्ये खुद्द राज्यच कोसळले. परंतु नोवोसिबिर्स्कची आणि कोल्मोगोरोव्ह यांची शाळा त्यातून तरून गेली.

आपल्याकडेही असे एक घर आहे, आणि ते मुंबईत आहे याचा आम्हांस, लपवून काय करावयाचे, थोडा अभिमान वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. व्ही. जी. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम करताना एक गोष्ट हेरली : पुष्कळ मुले विज्ञानाला अडत नाहीत, ती पुस्तकातील बोजड भाषेला अडतात. भाषा सोपी केली की तीच मुले प्रश्न विचारू लागतात. ज्यांची मुले दर तीन-चार वर्षांनी एक नवी भाषा आणि नवे पाठ्यपुस्तक अंगवळणी पाडतात, त्या आम्हा बदलीच्या नोकरांना या शोधाचे मोल निराळे सांगावयास नको.

याच केंद्रात उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या तयारीची शिबिरे भरतात. गणिताच्या ऑलिंपियाडमध्ये भारत प्रथम १९८९ मध्ये उतरला, भौतिकशास्त्राच्या १९९८ मध्ये. साऱ्या देशातून निवडलेली मुले मानखुर्दच्या त्या आवारात एकत्र राहतात, आणि शिकविणाऱ्यांत पूर्वी याच शिबिरांतून गेलेले तरुणही असतात. परदेशी जाणाऱ्या संघात स्थान मिळते ते चार-सहा जणांना. बाकीचे परत घरी जातात. पण रिकाम्या हाताने जातात असे म्हणवत नाही.

दार किती रुंद ठेवावे याचीही जाण हळूहळू येत आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०१९ मध्ये नववीच्या मुलांसाठी ‘युविका’ हे दोन आठवड्यांचे निवासी शिबिर सुरू केले. पहिल्या वर्षी प्रत्येक राज्यातून आणि केंद्रशासित प्रदेशातून तीन-तीन मुले घेतली, आणि खेड्यातील शाळेत शिकणाऱ्यास निवडीत झुकते माप दिले. महामारीच्या दोन वर्षांनंतर २०२२ मध्ये तेथे सुमारे १५० मुले आली. १९६३ च्या दहा शिष्यवृत्त्या आठवल्या म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. आणि देशातील नववीच्या वर्गांची संख्या मनात आणली म्हणजे तो किती थोडा आहे हेही कळते.

एवढे कागद चाळल्यावर आम्हांस जे दिसले ते थोडक्यात असे. सरकारने हुकूम काढला नसता तर या शाळांना पैसा, जागा आणि आरंभ मिळाला नसता. म्हणून हुकुमाला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु हुकूम ज्या भीतीने निघतो, ती भीती सरली की तो मागे घेतला जातो. नंतर तीच शाळा उभी राहते, जिच्यातून गेलेले मूल मोठेपणी हौसेने परत येते. आणि ते परत येते ते बहुधा तेथे मिळालेल्या पदकासाठी नव्हे, तर ‘मला येत नाही’ असे म्हणण्याची मोकळीक ज्या एका ठिकाणी मिळाली, त्याच्या ओढीने.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी २२ डिसेंबर १९६८ रोजी, अहमदाबादेत विक्रम साराभाईंनी उभारलेल्या लोकविज्ञान केंद्रासाठी एक व्याख्यान दिले होते. विषय होता, आकाश निळे का दिसते. नोबेल पारितोषिक मिळवून अडतीस वर्षे झालेला तो ऐंशीच्या घरातील पुरुष मुलांना सांगत होता की आधी आकाशाकडे पाहा आणि मग प्रश्न विचारा.

त्या व्याख्यानाची गोष्ट आम्ही शेजारच्या त्या मुलीला सांगितली, याला आता वर्ष होईल. यंदाच्या मे महिन्यात, लूचा जोर जरा ओसरल्यावर, एके संध्याकाळी तिने वसाहतीतील लहान मुले जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत गोळा केली. एका काचेच्या पेल्यात पाणी, त्यात दुधाचे चार थेंब, आणि एका बाजूने विजेरीचा झोत. बाजूने पाहिले तर पाण्याला निळसर झाक, समोरून पाहिले तर प्रकाश तांबूस. ‘असं का?’ तिने विचारले. कोणालाच येईना. एक सात-आठ वर्षांचा मुलगा, ज्याचे वडील गेल्याच महिन्यात गुवाहाटीहून बदलून आले आहेत, मोठ्याने म्हणाला, ‘मला नाही माहीत!’ ती हसली आणि म्हणाली, ‘मग ये, पुढे बस.’

विजेरी धरण्याचे काम आमच्याकडे होते. हात अवघडला होता, पण आम्ही तो खाली घेतला नाही.